एलियस हाऊ: ज्याने सुईचं नेढं टोकाकडे नेलं

मागच्या दिवाळीत अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा उसवला होता. ओसरीवर आईचं शिलाई मशीन असतंच. जुनं, पायाचं, पण काही वर्षांपूर्वी त्याला मोटर बसवली आहे. आई शेजारी गेली होती आणि मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. पट्टा जाड, पुढे सरकेना. मी तो बोटाने रेटला आणि त्याच वेळी पायाखालचं पेडल जास्त दाबलं गेलं. सुई डाव्या तर्जनीच्या नखातून आरपार.

मी बोट हिसकून काढणार एवढ्यात आई आली. तिने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग मशीनचं चाक हाताने हळूहळू फिरवून सुई वर घेतली. माझं बोट साबणाने धुतलं. मग मोडलेल्या सुईचे तुकडे कागदावर जुळवायला बसली. टोक सापडेना. मला वाटलं, कुठेतरी उडालं असेल. तिने ऐकलं नाही. जालन्याला नेलं, एक्स-रे काढला, टोक बोटातच होतं. डॉक्टरांनी ते काढलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि तो तुकडा मला दाखवला. तीनेक मिलिमीटरचा, आणि त्याला अर्धं नेढं शिल्लक होतं.

आपल्या हातशिलाईच्या सुईला नेढं मागे असतं. वाकळ शिवायची सुई घ्या, मोंढ्यात पोती शिवायचं दाभण घ्या, दोरा शेपटाकडेच ओवतात. मशीनच्या सुईला मात्र ते टोकापाशी का असतं, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत कधी पडला नव्हता. त्याचं उत्तर शोधता शोधता मी एलियस हाऊपर्यंत पोचलो.

हाऊचा जन्म 9 जुलै 1819 चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्पेन्सर गावचा. शेतकऱ्याचा मुलगा, एका पायाने अधू. सोळाव्या वर्षी लॉवेलला कापडगिरणीच्या यंत्रांच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. 1837 च्या मंदीत ती नोकरी गेली आणि तो बॉस्टनजवळ एरी डेव्हिस नावाच्या उपकरणं बनवणाऱ्या कारागिराकडे कामाला आला. शिवणारं यंत्र जो बनवेल तो श्रीमंत होईल, अशी चर्चा त्याने या दुकानात ऐकली.

1841 मध्ये त्याचं एलिझाबेथशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. पगार तुटपुंजा आणि तब्येत नाजूक. घर चालावं म्हणून एलिझाबेथ लोकांचे कपडे शिवायची. हे वाचताना मी थोडा थांबलो. माझ्या हॉस्टेलच्या मेसचे पैसे आईने शिवलेल्या ब्लाउजांतून यायचे, त्यामुळे हा तपशील माझ्यासाठी नुसता तपशील नाही.

आता यंत्राकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. हाताने शिवताना अख्खी सुई कापडाच्या पलीकडे जाते आणि परत येते. यंत्राला हे जमत नाही, कारण सुई एका बाजूने घट्ट धरलेली असते. त्यामुळे माणसाच्या हाताची नक्कल करायचा नाद सोडावा लागतो. सुई फक्त टोकापुरती कापडात घुसवायची आणि दोरा टोकातच ओवायचा. सुई खाली जाते, मग किंचित वर येते. कापडाच्या घर्षणामुळे दोरा तिच्याबरोबर वर येत नाही, त्याचा छोटा फास तयार होतो. त्याच क्षणी दुसरा दोरा घेऊन शटल त्या फासातून निघून जातं. सुई वर गेली की दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. हा लॉकस्टिच. तुमच्या आईच्या मशीनमध्ये खाली जी बॉबिन असते, ती या दुसऱ्या दोऱ्यासाठी.

दुसरा दोरा नसला तर काय होतं? आमच्या जालन्यात बियाण्याच्या बॅगा ढिगाने दिसतात. त्या बॅगेच्या तोंडाची शिवण नीट टोक पकडून ओढली की सर्रकन उसवते. ती साखळीची शिवण. फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्याने हाऊच्या आधी बनवलेलं यंत्र साखळीचीच शिवण घालायचं. पोटावर पाय येईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी 1831 मध्ये त्याची यंत्रं फोडली. एआयमुळे नोकऱ्या जाणार म्हणून आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज जे चालतं, ते नवीन नाही एवढंच सांगतो.

1844 मध्ये जॉर्ज फिशर या मित्राने हाऊच्या कुटुंबाला घरात घेतलं, 500 डॉलर लावले आणि पेटंटचा अर्धा वाटा ठरवून घेतला. म्हणजे आजच्या भाषेत एंजल इन्व्हेस्टर. 1845 मध्ये यंत्र चालू झालं, मिनिटाला 250 टाके. बॉस्टनमधल्या एका कपड्यांच्या कारखान्यात हाऊने शर्यत लावली: पाच शिवणाऱ्या बायकांना एकेक शिवण आणि यंत्राला पाच. यंत्र जिंकलं. 10 सप्टेंबर 1846 ला 4750 क्रमांकाचं पेटंट मिळालं.

आणि एकही यंत्र विकलं गेलं नाही. किंमत 300 डॉलरच्या आसपास, शिंप्यांचा विरोध, शिवाय यंत्रातही अडचणी होत्या. कापड खिळ्यांना अडकवून उभं टांगावं लागायचं, थोडी सरळ शिवण झाली की थांबून पुन्हा टांगायचं. हाऊचे चाहते हा भाग गाळतात. मला तो गाळावासा वाटत नाही. डेमो भारी आणि रोजच्या वापराला त्रास, असे ॲप आपणही डिलीट केलेत.

फिशरने हात काढून घेतला. हाऊच्या भावाने लंडनला जाऊन विल्यम थॉमस या कॉर्सेट बनवणाऱ्याला 250 पौंडांत यंत्र आणि इंग्लंडचे हक्क विकले. मागून हाऊही बायकामुलांसकट तिथे गेला, थॉमससाठी राबला, त्याच्याशी बिनसलं. आधी कुटुंबाला परत पाठवलं, मग पहिलं यंत्र आणि पेटंटचे कागद गहाण टाकून स्वतः निघाला. 1849 मध्ये न्यूयॉर्कला उतरला तेव्हा खिसा जवळपास रिकामा. एलिझाबेथ क्षयाने शेवटच्या घटका मोजत होती. घरी जायला पैसे उसने घ्यावे लागले, आणि तिच्या अंत्यविधीला अंगावर घालायचे धड कपडेही उसनेच. ज्याने शिवणयंत्र बनवलं त्याच्यावर ही वेळ.

तो इंग्लंडमध्ये असताना इकडे अमेरिकेत त्याच्या तत्त्वावरची यंत्रं विकली जाऊ लागली होती. थोड्याच काळात त्यात आयझॅक सिंगर उतरला. सिंगर नाटकातला नट आणि हुशार मेकॅनिक. 1851 च्या त्याच्या यंत्रात सुई उभी चालायची, कापड आडव्या पाटावर सरकायचं, ते वरून एक फूट दाबून धरायचं. हीच रचना आज आपल्या घरात आहे. पण टोकाला नेढं असलेली सुई आणि शटल ही जोडी हाऊच्या पेटंटमधली. हाऊ कोर्टात गेला. सिंगरने बचावात वॉल्टर हंटला पुढे केलं. हंटने दहाएक वर्षं आधीच असं यंत्र बनवलं होतं. पण हंटने पेटंट घेतलं नव्हतं, त्यामुळे बचाव टिकला नाही. 1854 मध्ये सिंगरला 15,000 डॉलर मोजावे लागले. (भाल्यांच्या टोकाला भोकं दिसल्याच्या स्वप्नाचा जो फॉरवर्ड फिरतो, तो हंटची सुई आठवून वाचा.)

तेव्हा प्रत्येक कंपनी दुसरीवर खटले भरत होती. 2011 ते 2018 चालू असलेली ॲपल आणि सॅमसंगची भांडणं आठवा, तसंच. 1856 मध्ये चार पक्षांनी आपापली पेटंटं एकत्र केली आणि बाकीच्यांकडून फी घ्यायची ठरवलं. याला पेटंट पूल म्हणतात. तुमच्या फोनमधला एच.264 व्हिडिओ अशाच पूलखाली येतो. हाऊला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे 5 डॉलर मिळू लागले. एकूण कमाई साधारण 20 लाख डॉलर. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तो कनेक्टिकटच्या 17 व्या पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती झाला. सरकारकडून पगार रखडला तेव्हा त्याने पलटणीचा पगार खिशातून दिला. पेटंटची मुदत सप्टेंबर 1867 मध्ये संपली आणि 3 ऑक्टोबरला हाऊ गेला. वय 48.

यंत्र आपल्याकडे आलं ते सिंगरच्या नावाने. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये सिंगरच्या मशीनला अपवाद केलं, कारण बायकोचे कष्ट पाहून त्याने ते बनवलं अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात सिंगरचे एकाच वेळी अनेक संसार चालू होते. ती गोष्ट हाऊच्या घरी जास्त शोभली असती.

आईला मी हे सगळं सांगितलं. तिला एलिझाबेथचं वाईट वाटलं, बाकी पेटंटमध्ये रस नव्हता. उलट तिने मला शिकवलं: सुईत दोरा ओवताना बटण बंद आणि पाय पेडलवरून खाली. बोटं फुटापासून दोन बोटं लांब, आणि कापड ओढायचं किंवा रेटायचं नाही, ते खालचे दातेच सरकवतात. टाचण्या लावल्या असतील तर सुई तिथे पोचायच्या आत काढायच्या. सुई तोंडात धरायची नाही, गादीत खोचायची नाही. हातशिलाईच्या सुया ती रोज रात्री मोजून डबीत ठेवते.

पट्टा शेवटी तिनेच शिवला, हाताने, दाभण आणि अंगुस्तान घेऊन. मशीनमध्ये ब्लाउजसाठीची 14 नंबरची सुई होती. तेवढ्या जाड पट्ट्याला 18 नंबरची लागते.