वॉर्मिंग नावाचा माणूस

आधीच सांगते, हा लेख ग्लोबल वॉर्मिंगवर नाही! युजेनियस वॉर्मिंग हे एका डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव आहे. एनव्हायर्नमेंटल स्टडीजचा जो पेपर आपण आदल्या रात्री वाचून काढतो, त्यातल्या इकॉलॉजीचा पाया ज्यांनी घातला त्यांच्यात हे नाव अगदी वर येतं. तरी हॉस्टेलमध्ये विचारून बघा, किती जणांना माहीत आहे ते.

वॉर्मिंग यांचा जन्म ३ नोव्हेंबर १८४१ चा. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळ मान्डो नावाचं एक छोटंसं बेट आहे, तिथे त्यांचे वडील पाद्री होते. वडील लवकर वारले आणि आईने या एकुलत्या एका मुलाला वाढवलं. रिबे गावात शाळा झाली आणि १८५९ साली ते कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाले.

शिक्षण अर्धवट असतानाच १८६३ साली एक संधी आली. पीटर विल्हेल्म लुंड हे डॅनिश शास्त्रज्ञ तेव्हा ब्राझीलमधल्या लागोआ सांता या खेडेगावात राहत होते. तिथल्या चुनखडीच्या गुहांमधून त्यांनी नामशेष प्राण्यांची हाडं शोधून काढली होती. सुळ्यांच्या वाघाला स्मिलोडॉन हे नाव देणारे ते हेच. आता वय झालं होतं, तब्येत बरी नसायची, म्हणून त्यांना सेक्रेटरी हवा होता. वॉर्मिंग यांचं वय तेव्हा २१, म्हणजे आपल्या थर्ड इयरच्या मुलांएवढं. ना इंटरनेट, ना फोन, पत्राला उत्तर यायला महिने लागणार. तरी ते गेले आणि १८६६ पर्यंत तिथेच राहिले.

लुंडसाहेबांचं काम सांभाळून उरलेल्या वेळात ते रानात भटकत आणि झाडं गोळा करत. या प्रदेशाला सेराडो म्हणतात. उंच गवत आणि त्यात विखुरलेली, वेडीवाकडी, जाड सालीची झाडं. सालीवर वणव्याच्या काळ्या खुणा. आणि गंमत म्हणजे त्याच परिसरात ओढ्याकाठी आणि चुनखडीच्या खडकांवर चांगलं दाट जंगल! पाऊस तोच, ऊन तेच. मग एका ठिकाणी जंगल आणि शेजारी माळ, असं का?

या प्रश्नावर लुंड यांचं मत ठाम होतं. १८३५ साली त्यांनी लिहिलं होतं की इथे मूळचं जंगलच होतं, माणसाने वर्षानुवर्षं आगी लावल्या म्हणून त्याचा माळ झाला. वॉर्मिंग यांना हे पटलं नाही. वणवे त्यांनीही पाहिले होते. आगीनंतर थोड्याच दिवसांत जमिनीखालच्या जाड खोडांतून नवे कोंब आणि फुलं कशी येतात, याचं वर्णन त्यांनी केलं आहे. पण आग हे मूळ कारण नसून कोरडी हवा आणि कोरडी माती हे कारण आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांच्या घरी राहून काम शिकलो, त्यांच्याच सिद्धांताला विरोध करायचा! आपण व्हायव्हाला गाईडसमोर मान डोलावतो, म्हणून मला याचं जास्त कौतुक वाटतं.

घाई मात्र त्यांनी केली नाही. आणलेले नमुने युरोपातल्या अनेक तज्ज्ञांनी तपासले. सुमारे २६०० जातींची नोंद झाली. या सगळ्यावरचं त्यांचं लागोआ सांता हे पुस्तक १८९२ साली आलं, म्हणजे परत आल्यानंतर २६ वर्षांनी. दरम्यान १८७१ साली डॉक्टरेट, मग स्टॉकहोममध्ये प्रोफेसर, १८८४ साली ग्रीनलंडची सफर आणि १८८५ पासून कोपनहेगनमध्ये प्रोफेसर. १८९५ साली त्यांनी वनस्पतींच्या समूहांवर प्लान्टेसामफुंड हे पुस्तक लिहिलं. कुठलं झाड कुठे सापडतं एवढ्यावर न थांबता ते तिथेच का सापडतं, हे त्यात विचारलं होतं. त्याचं जर्मन भाषांतर इंग्लंडमध्ये आर्थर टान्सली यांनी वाचलं आणि ते इकॉलॉजीकडे वळले. याच टान्सलींनी पुढे १९३५ साली इकोसिस्टीम हा शब्द छापून आणला. वॉर्मिंग एप्रिल १९२४ मध्ये कोपनहेगनमध्ये वारले.

आता प्रश्न असा की बरोबर कोण, लुंड की वॉर्मिंग? १९४० च्या दशकात साओ पाउलोच्या फेलिक्स राविचर यांनी सेराडोची माती खोलवर तपासली. खाली भरपूर ओल होती आणि झाडांची मुळं तिथवर पोचत होती. म्हणजे कोरड्या मातीचा मुद्दा कच्चा पडला. नंतर कळलं की माती कोरडी नाही, गरीब आहे. आम्ल, फॉस्फरस कमी आणि ॲल्युमिनियम जास्त. चुनखडीवर जंगल का, तेही यातून सुटतं, कारण तिथे कॅल्शियम भरपूर असतं.

आणि आग? ती या मातीच्या जोडीनेच काम करते. कोरड्या हंगामात गवत वाळतं, वणवा येतो आणि छोटी रोपं वरून जळून जातात. दोन वणव्यांच्या मधे रोप ज्वाळांच्या वर गेलं किंवा साल पुरेशी जाड झाली तरच ते वाचतं. सुपीक मातीत वाढ भराभर होते, झाडांचं छत जुळतं, सावलीत गवत मरतं. गवत नाही म्हणजे जळण नाही, जळण नाही म्हणजे आग नाही. झालं जंगल! गरीब मातीत हे जुळायच्या आत पुढचा वणवा येतो आणि माळ माळच राहतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी फ्लिप-फ्लॉप आठवावा. दोन स्थिर अवस्था, मधे टिकणं अवघड.

म्हणजे आगीचं महत्त्व लुंड यांनी ओळखलं होतं, आणि माळ हा मूळचाच आहे हे वॉर्मिंग यांनी. २००९ साली झाडांच्या डीएनएवरून दिसलं की सेराडोतली आगीला तोंड देणारी झाडं लाखो वर्षांपूर्वीच तयार व्हायला लागली होती. तेव्हा तिथे माणूस नव्हता.

हा वाद जुना असला तरी त्याचा निकाल आजही महाग पडतो. माळ म्हणजे बिघडलेलं जंगल, असं मानलं की तो नांगरायला किंवा झाडांनी भरायला कुणाला वाईट वाटत नाही. सेराडो सुमारे २० लाख चौरस किलोमीटरचा, पण जमिनीत चुना घालून सोयाबीन आणि कुरणं आली आणि निम्म्याच्या आसपास मूळ रान गेलं. उलट साओ पाउलो राज्यात एका राखीव रानात आग पूर्ण थांबवली, तेव्हा झाडी दाट झाली, पण वनस्पतींच्या जाती सरासरी २७ टक्के आणि मुंग्यांच्या ३५ टक्के घटल्या, असं २०१७ सालच्या अभ्यासात दिसलं.

आपल्याकडचे माळही सरकारी कागदावर बऱ्याचदा पडीक म्हणूनच लागले. माळढोक तिथलाच पक्षी, त्याला उघडं गवतच लागतं. म्हणून मला वाटतं, एनएसएसच्या वृक्षारोपणाला खड्डे खणण्याआधी एकदा वॉर्मिंग यांचा प्रश्न विचारावा: इथे झाडं का नाहीत? कुणी तोडली म्हणून नसतील तर जरूर लावा. पण ती जागाच माळाची असेल, तर कुदळ परत ठेवणं हेही पर्यावरणाचंच काम आहे.