खाटेवरून मैदानाकडे

कण्याला इजा झालेला सैनिक फार काळ जगत नाही, या समजुतीला डॉ. लुडविग गटमन यांनी छेद दिला. १८९९ मध्ये जर्मनीत जन्मलेले हे ज्यू मज्जातंतूतज्ज्ञ नाझींच्या छळामुळे १९३९ मध्ये इंग्लंडला आले. १९४४ पासून स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात त्यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घातला; शय्याव्रण हाच खरा वैरी होता. परिचारिकांच्या या कष्टांवरच पुढचे सारे उभे राहिले. मग व्यायाम, सुतारकाम, खेळ. रुग्णाने घरी व कामावर परतावे, एवढेच ध्येय. १९४८ मध्ये तेथे १६ जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा झाली; तिचेच पुढे पॅरालिम्पिक झाले. १९७२ मध्ये, गटमन हयात असतानाच, हायडेलबर्गच्या स्पर्धेत सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी जलतरणाचे सुवर्ण जिंकले. तेही १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले सैनिकच.