वसतिगृहाचे दार : कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जीवनकार्य

एखाद्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा समाजाच्या दृष्टीने आनंदाचा प्रसंग असतो. देणगीदारांचा सत्कार होतो, जुन्या कार्यकर्त्यांचे स्मरण होते, स्मरणिका निघते. ते सर्व योग्यच आहे. परंतु पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना, ज्यांनी आपले सर्वस्व शिक्षणाला वाहिले अशा थोर पुरुषाचे चरित्र समोर ठेवले, तर आपल्या कार्याचे खरे मोजमाप करणे सुलभ होते. या हेतूने जैन समाजात जन्मलेल्या आणि अखिल महाराष्ट्राचे झालेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जीवन येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी झाला. बाहुबलीच्या डोंगराजवळचे हे गाव जैन भाविकांना तीर्थक्षेत्रामुळे परिचित आहे. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते, आई गंगाबाई. मूळ घराणे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथले. वडिलांच्या बदल्यांमुळे निरनिराळ्या गावी राहावे लागले. अंगापिंडाने धिप्पाड, कुस्तीची आवड असलेला आणि अन्याय दिसताच उसळून उठणारा हा मुलगा पुस्तकी अभ्यासात मात्र फारसा रमला नाही.

माध्यमिक शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि तेथील दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. या वसतिगृहाची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे पाहत. लठ्ठे हे मोठे विद्वान, दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीतील अग्रणी आणि पुढे कोल्हापूरचे दिवाण व मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले गृहस्थ. त्याच काळात छत्रपती शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे, असे त्यांना वसतिगृहात सांगण्यात आले. भाऊरावांनी साफ नकार दिला. माणसाच्या सहवासाने माणूस अपवित्र होतो हे त्यांना मान्य नव्हते. परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, आणि महाराजांच्या सान्निध्यात त्यांनी समतेचे जे संस्कार घेतले ते जन्मभर टिकले.

हा प्रसंग आपल्याच समाजाच्या वसतिगृहातील आहे. तो झाकण्यात काही भूषण नाही. त्या काळी समाजाने समाजासाठी काढलेली बोर्डिंगे ही मोठी पुण्याई होती. त्यांच्यामुळे खेड्यातील शेकडो मुले शिकली. परंतु दार कोणासाठी उघडे ठेवायचे, हा प्रश्न त्या पुण्याईला वळसा घालून जाता येण्यासारखा नव्हता. एका विद्यार्थ्याने तो स्वतःच्या वर्तनाने उपस्थित केला आणि पुढे सारे आयुष्य त्याचे उत्तर देण्यात वेचले.

यानंतर काही वर्षांनी त्यांच्या सत्यनिष्ठेची कठोर परीक्षा झाली. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात राजघराण्यातील पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले आणि त्यात लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. त्यांना अटक झाली, कोठडीत छळ झाला. ज्या गृहस्थांच्या वसतिगृहातून आपणांस बाहेर पडावे लागले, त्यांच्याविषयी मनात राग असता तर सूड घेण्याची संधी चालून आली होती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. छळ असह्य होऊन प्राण देण्यापर्यंत मजल गेली, पण असत्य मुखातून आले नाही. सत्य हे अणुव्रत श्रावकाने गृहस्थाश्रमात कसे पाळावे, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

मॅट्रिकपर्यंतही शिक्षण पूर्ण न झालेल्या या तरुणाने पुढे साताऱ्यात शिकवण्या केल्या. ओगले काच कारखान्याच्या कंदिलांचा आणि किर्लोस्करांच्या नांगरांचा प्रचार व विक्री करीत ते गावोगाव फिरले. साताऱ्यातील धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. या फिरतीत त्यांना खरा महाराष्ट्र दिसला. नांगर विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला पावती वाचता येत नव्हती. कर्जाच्या कागदावर तो अंगठा उठवीत होता. हुशार मुले गुरे राखीत होती. गावात चौथीपर्यंत शाळा असलीच तर पुढच्या शिक्षणासाठी शहरात राहणार कोठे आणि जेवणार काय, हा प्रश्न होता. अस्पृश्य मुलाला तर कोणी खोलीही देत नसे. शाळा काढण्याआधी मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय केली पाहिजे, हे त्यांनी या अनुभवातून ओळखले.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. संस्थेच्या नावात कोणा व्यक्तीचे, जातीचे वा धर्माचे नाव नव्हते, रयतेचे होते. बोधचिन्ह म्हणून वटवृक्ष निवडला. पारंब्यांनी जमीन धरून विस्तारत जाणारे हे झाड संस्थेच्या वाटचालीचे यथार्थ प्रतीक ठरले.

१९२४ मध्ये संस्थेचे मुख्यालय साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. महात्मा गांधींच्या हस्ते २५ फेब्रुवारी १९२७ रोजी या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. येथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ब्राह्मण अशी सर्व मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. लाकडे फोडणे, पाणी भरणे, दळणे, शेतात राबणे ही कामे सर्वांच्या वाट्याला सारखी येत. शुद्धीसाठी स्नान नाकारणाऱ्या विद्यार्थ्याने अशा प्रकारे स्वतःचे वसतिगृह उभे केले, आणि त्याचे दार कोणालाही बंद ठेवले नाही.

या वसतिगृहाची कथा सौभाग्यवती लक्ष्मीबाईंच्या उल्लेखाशिवाय पूर्ण होऊ शकत नाही. त्या कुंभोजच्या सधन, धार्मिक जैन घराण्यातील. सोवळे-ओवळे मानणाऱ्या वातावरणात वाढलेल्या या माउलीने पतीच्या कार्यासाठी आपले संस्कार पारखून पाहिले आणि सर्व जातींच्या मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे वाढले. वसतिगृहात धान्य संपले की एकेक दागिना मोडला जाई. अखेर मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांनी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. अपरिग्रहाविषयी आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकतो. लक्ष्मीबाईंनी तो उपाशी मुलांच्या पंगतीपुढे उभे राहून आचरला.

पुढील काळात कार्याचा विस्तार वेगाने झाला. १९३२ मध्ये, पुणे करारानंतर, सवर्ण व अस्पृश्य विद्यार्थ्यांनी एकत्र राहावे या हेतूने पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस सुरू झाले. १९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज निघाले. शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, आणि ते खेड्याची जाण असलेले हवेत, हा त्यामागचा विचार होता. १९३८ पासून डोंगरकपारीतील, शाळा नसलेल्या गावांत व्हॉलंटरी शाळा काढण्याचा उपक्रम हाती घेतला गेला. गावाने जागा द्यायची, देवळात किंवा चावडीत वर्ग भरवायचा, शिक्षकाच्या पोटापाण्याची काळजी गावाने वाहायची, अशी ही साधी रीत होती. या शाळांची संख्या ५७८ वर पोहोचली.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तेथे मुलांनी श्रम करावेत आणि त्या श्रमांतून आपले शिक्षण घ्यावे, ही व्यवस्था होती. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि कमवा व शिका ही योजना महाविद्यालयीन शिक्षणापर्यंत पोहोचली. या कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी देऊ करणाऱ्या गृहस्थास भाऊरावांनी निक्षून नकार दिल्याची आठवण रयतेच्या परिवारात आजही सांगितली जाते. पैशाची निकड असताना पैसा नाकारणे किती कठीण असते, हे संस्था चालवणारेच जाणतात. १९५४ मध्ये कऱ्हाड येथे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि १९५५ मध्ये साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झाले.

मार्गात संकटेही आली. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ शंभरावर हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. त्याच सुमारास त्यांच्या स्पष्ट बोलण्यावरून सरकारशी तेढ निर्माण झाली आणि संस्थेचे अनुदान थांबले. अशा वेळी सामान्य रयत मदतीला धावली. कोणी धान्य दिले, कोणी पैसे दिले, शिक्षकांनी तुटपुंज्या वेतनावर वर्ग चालू ठेवले. संस्था आपली आहे असे गावाला वाटत होते, म्हणूनच ती तगली. पुढे अनुदान पूर्ववत झाले आणि संकल्पही तडीस गेला.

१९५९ च्या आरंभी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने, मॅट्रिकही न झालेल्या या शिक्षणमहर्षींना डी. लिट. ही सन्माननीय पदवी प्रदान केली. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी संस्थेची शंभरावर माध्यमिक विद्यालये, ३८ वसतिगृहे, अध्यापक विद्यालये आणि महाविद्यालये चालू होती. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशी कितीतरी माणसे त्या पंगतीतून उठून समाजात उभी राहिली.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी रयत शिक्षण संस्थेला शंभर वर्षे पूर्ण झाली. आज तिच्या शाखांची संख्या सातशेहून अधिक आहे. दरवर्षी २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंतीच्या मिरवणुका गावोगाव निघतात आणि त्यांत विद्यार्थ्यांबरोबर माजी विद्यार्थी, पालक, शेतकरी असे अवघे गाव चालते. शाळेचा उत्सव हा गावाचा उत्सव होतो, कारण शाळेच्या पायाशी गावाचेच धान्य आणि गावाचेच श्रम आहेत.

आता आपल्या जालना जिल्ह्याकडे वळू. भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह काढले तेव्हा आपला प्रदेश निजामाच्या राजवटीत होता. तेथे वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि खेड्यातील मराठी मुलास ते दुर्लभ होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. जालना शहरात जालना एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले ते १९५८ मध्ये, म्हणजे भाऊरावांच्या निधनाच्या केवळ एक वर्ष आधी. स्वतंत्र जालना जिल्हा तर १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. पश्चिम महाराष्ट्राने जी वाट १९१९ मध्ये धरली, ती आपल्याला किती उशिरा गवसली हे यावरून लक्षात येते. त्यानंतर या जिल्ह्यात दात्यांनी, व्यापारी बांधवांनी आणि शिक्षकांनी जे उभे केले, त्याचे मोल म्हणूनच अधिक आहे.

तरीही भाऊरावांपुढे असलेला प्रश्न आपल्या भागात पूर्णपणे सुटलेला नाही. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात. त्यांतील कित्येक जण भाऊरावांच्याच सातारा, सांगली, कोल्हापूर भागांतील कारखान्यांवर जातात. आईवडिलांबरोबर मुलेही फडावर गेली की त्यांची शाळा अर्ध्या वर्षावर तुटते. हंगामी वसतिगृहे आहेत. परंतु प्रत्येक मूल तेथपर्यंत पोहोचतेच असे नाही. शाळेची इमारत आहे, शिक्षक आहे, पुस्तकेही आहेत. मुलाला राहायला छप्पर आणि संध्याकाळची भाकरी नाही. नांगर विकत फिरणाऱ्या भाऊरावांनी शंभर वर्षांपूर्वी नेमके हेच पाहिले होते.

दानाच्या परंपरेत आपला समाज कधीही मागे राहिलेला नाही. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चारही दाने एका वसतिगृहात एकवटतात, हे भाऊराव आणि लक्ष्मीबाई यांनी दाखवून दिले. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण पुढील पन्नास वर्षांचे संकल्प करू, तेव्हा किती खोल्या बांधल्या याबरोबरच आपल्या पंगतीत अजून कोणते मूल बसलेले नाही, याचाही विचार व्हावा. त्या मुलापर्यंत जाण्याची बुद्धी आणि बळ आपणां सर्वांना लाभो, ही प्रार्थना करून कर्मवीर भाऊराव पाटील आणि रयतमाउली लक्ष्मीबाई यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.