विश्लेषण : ट्रकचं डिझेल वाचवणाऱ्या क्रूझ कंट्रोलचे जनक दृष्टिहीन होते! कोण होते राल्फ टीटर?

युरोप-अमेरिकेतल्या महामार्गांवर धावणारे अनेक नवे ट्रक चढ सुरू होण्याआधीच थोडा वेग घेतात आणि माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच इंजिनला उसंत देतात. हे करताना चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतो. या यंत्रणेला ‘प्रेडिक्टिव्ह क्रूझ कंट्रोल’ म्हणतात. तिचा पाया असलेलं क्रूझ कंट्रोल तयार करणारे इंजिनीअर राल्फ टीटर यांना लहानपणापासून काहीच दिसत नव्हतं. त्यांचा प्रवास कसा होता आणि या तंत्राने इंधन कसं वाचतं, ते जाणून घेऊया.

दृष्टी कशी गेली?

टीटर यांचा जन्म १७ ऑगस्ट १८९० रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या हेगर्सटाऊन या लहान गावात झाला. पाच वर्षांचे असताना चाकूने ड्रॉवर उघडण्याच्या प्रयत्नात चाकू निसटला आणि डोळ्यात घुसला. वर्षभरात दुसऱ्या डोळ्याची दृष्टीही गेली. घरच्यांनी मात्र त्यांना कधी वेगळं वागवलं नाही. कुटुंबाचा यंत्रं बनवण्याचा कारखाना होता. तिथे हाताने चाचपत, आवाज ऐकत ते यंत्रं शिकले. वयाच्या १२व्या वर्षी त्यांनी चालणारी मोटार तयार केली.

इंजिनीअर कसे झाले?

दृष्टिहीन मुलाला इंजिनीअरिंगला प्रवेश द्यायला विद्यापीठं तयार नव्हती. अखेर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने दार उघडलं आणि १९१२ मध्ये टीटर मेकॅनिकल इंजिनीअर झाले. पहिल्या महायुद्धात नौदलाच्या विनाशिकांसाठी बनणाऱ्या वाफेच्या टर्बाइनचे रोटर समतोल करण्याचं काम अडलं होतं. रोटर किंचित जरी असमतोल असला तरी प्रचंड वेगात थरथरतो. हे काम टीटर यांनी बोटांच्या स्पर्शावर मार्गी लावलं. पुढे ते कुटुंबाच्या ‘परफेक्ट सर्कल’ या पिस्टन रिंग बनवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष झाले. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या मोटार इंजिनीअरांच्या संस्थेचं, म्हणजे एसएईचं अध्यक्षपदही त्यांना मिळालं.

क्रूझ कंट्रोलची कल्पना कुठून आली?

टीटर यांचे वकील हॅरी लिंडसे गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी व्हायचा आणि ऐकू लागले की वाढायचा, असं सांगितलं जातं. शेजारी बसलेल्या टीटर यांना प्रत्येक हिसका जाणवायचा. त्यातच दुसऱ्या महायुद्धात रबर आणि पेट्रोल वाचवण्यासाठी अमेरिकेत ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर अशी वेगमर्यादा लागू झाली होती. चालकाचा पाय एकसारखा राहत नाही, मग हे काम यंत्राला का देऊ नये, या प्रश्नावर टीटर कामाला लागले.

यंत्र कसं चालायचं?

त्यांनी वाफेच्या इंजिनातला जुना गव्हर्नर वापरला. फिरत्या दांड्यावरची वजनं वेग वाढला की बाहेर फेकली जातात. ठरवलेला वेग गाठला की या हालचालीमुळे अ्‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवर उलटा दाब यायचा. पुढच्या सुधारणेत गाडी तोच वेग स्वतः धरून ठेवू लागली. टीटर यांना १९५० मध्ये पेटंट मिळालं. क्रायस्लरने १९५८च्या महागड्या मॉडेल्समध्ये ही सोय दिली. ‘क्रूझ कंट्रोल’ हे नाव मात्र कॅडिलॅकमुळे रूढ झालं. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत ताशी ५५ मैलांची मर्यादा आली आणि चैनीची वाटणारी ही सोय इंधनबचतीसाठीही महत्त्वाची ठरली.

मग ट्रकसाठी ते पुरेसं का नव्हतं?

साधं क्रूझ कंट्रोल फक्त आत्ताचा वेग पाहतं. चढावर वेग पडला की ते जास्त डिझेल सोडतं आणि माथ्यापर्यंत जोर लावत राहतं. लगेच उतार लागतो आणि कष्टाने मिळवलेला वेग ब्रेकमध्ये वाया जातो. कारमध्ये हा तोटा फारसा जाणवत नाही. ४० टनांच्या ट्रकमध्ये तो मोठा असतो.

प्रेडिक्टिव्ह यंत्रणा काय वेगळं करते?

तिच्याकडे रस्त्याच्या चढउतारांचा नकाशा असतो आणि जीपीएसवरून ट्रक नेमका कुठे आहे हे तिला कळतं. त्यामुळे पुढचे काही किलोमीटर तिला आधीच माहीत असतात. चढाआधी ती थोडा वेग घेते, अनावश्यक गिअर बदल टाळते, माथ्याजवळ इंधन कमी करते आणि उरलेलं काम उतारावर सोपवते. फ्रेटलायनरने २००९ मध्ये अमेरिकेत, तर मर्सिडीज-बेंझने २०१२ मध्ये युरोपात ती आणली. कंपन्यांच्या दाव्यानुसार बचत साधारण ३ ते ५ टक्क्यांपर्यंत होते. वर्षाला लाखभर किलोमीटर धावणाऱ्या ट्रकसाठी हा आकडा लहान नाही. सपाट रस्त्यावर किंवा गर्दीत मात्र फायदा घटतो. शिवाय नकाशाला पुढचं वाहन दिसत नाही, त्यामुळे चालकाला सावध राहावंच लागतं.

टीटर यांचा संबंध इथे संपतो का?

टीटर यांचं निधन १५ फेब्रुवारी १९८२ रोजी झालं. जीपीएसवर चालणारे ट्रक त्यांच्या हयातीत आले नाहीत. पण व्होल्वोच्या अशाच यंत्रणेची सुरुवातीची आवृत्ती एकदा गेलेल्या रस्त्याचे चढउतार लक्षात ठेवायची आणि पुढच्या फेरीत ते वापरायची. रस्ता न पाहता, आठवणीच्या जोरावर पुढचं पाऊल ठरवायचं, हे टीटर आयुष्यभर करत आले होते. त्यांच्या यंत्राला तेवढंच येत नव्हतं. आता ट्रक ते शिकले आहेत.