बॉनेटखाली न मावलेले स्वप्न

हल्ली शहरात धावणाऱ्या लहानशा मोटारीच्या पाठीवरही ‘टर्बो’ ही अक्षरे दिमाखाने चमकत असतात. इंजिन स्वतःहून ओढून घेते त्यापेक्षा अधिक हवा त्यात कोंडायची, त्या हवेबरोबर अधिक इंधन जाळायचे आणि लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचे काम करून घ्यायचे, एवढेच त्यामागचे तत्त्व. टर्बोचा पंखा बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. त्याचा थोरला भाऊ सुपरचार्जर मात्र इंजिनाच्याच शक्तीवर फिरतो. हा थोरला भाऊ अंगाने आडमाप. साठच्या दशकातील अमेरिकी ‘मसल कार’वर तो चढवू पाहणाऱ्या हौशी मंडळींना आजही पहिली अडचण येते ती जागेची. इंजिनाच्या डोक्यावर सुपरचार्जर बसला की बॉनेट मिटतच नाही. मग कोणी बॉनेटला फुगवटा काढून घेतो, कोणी इंजिनच थोडे खाली उतरवतो, तर कोणी सरळ पत्रा कापून यंत्राला मोकळ्या हवेत डोके वर काढू देतो.

या अडचणीवरचा सर्वांत विलक्षण तोडगा मात्र अमेरिकेत नव्हे, तर इंग्लंडमध्ये आणि त्याच्याही तीनेक दशके आधी, १९२९ साली निघाला. तेथे सुपरचार्जर बॉनेटच्या आतही बसला नाही आणि वरही नाही. तो थेट रेडिएटरच्या पुढे, गाडीच्या नाकासमोर टांगला गेला. त्या गाडीचे नाव ‘ब्लोअर बेंटले’ आणि तिच्यापायी पैसा, प्रकृती व प्रतिष्ठा पणाला लावणाऱ्या माणसाचे नाव हेन्री बर्किन.

बर्किनचा जन्म १८९६ चा, नॉटिंगहॅमचा. लेस विणण्याच्या धंद्यात गबर झालेले हे घराणे. सरदारकीचा किताबही या धंद्याच्या पाठोपाठच घरात आलेला. लहानग्या हेन्रीला तेव्हाच्या चित्रकथांमधील ‘टायगर टिम’ या वाघोबाचे नाव चिकटले आणि तो जन्मभर टिमच राहिला. पहिल्या महायुद्धात तो रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाला. पॅलेस्टाइनच्या आघाडीवर त्याला मलेरिया जडला. त्या तापाने पुढे त्याची पाठ कधीच पूर्णपणे सोडली नाही. शरीरयष्टी किरकोळ, बोलताना तोतरेपणा, गळ्यात निळा-पांढरा ठिपक्यांचा रुमाल. या संकोची वाटणाऱ्या माणसाच्या हाती स्टिअरिंग आले की मात्र भीती नावाची गोष्ट त्याला ठाऊकच नसावी, असे पाहणाऱ्यांना वाटे.

युद्धानंतर त्याने ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर काही शर्यतींत भाग घेतला, पण संसार आणि व्यवसाय यांनी त्याला काही वर्षे बाजूला नेले. १९२७ मध्ये तो परतला. त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ आर्ची आइल ऑफ मॅन बेटावर मोटरसायकल शर्यतीच्या सरावात मृत्युमुखी पडला. तेथील एका वळणाला आजही बर्किनचे नाव आहे. अशा आघातानंतर दुसरा कोणी या खेळाकडे पाठ फिरवता. टिम मात्र अधिकच खोल उतरला. ‘बेंटले बॉईज’ या नावाने गाजलेल्या श्रीमंत, बेदरकार तरुणांच्या कंपूत तो सामील झाला.

१९२८ च्या ल मान्समध्ये, म्हणजे फ्रान्सच्या त्या चोवीस तासांच्या शर्यतीत, त्याच्या बेंटलेचे टायर फुटून चाकाभोवती गुंडाळले गेले. वजन वाचविण्यासाठी गाडीत जॅकही ठेवलेला नव्हता. बर्किनने चाकूने टायर कापून काढले आणि उघड्या चाकावर गाडी दामटली. ती खड्ड्यात गेली तेव्हा तो पायी धावत पिटपर्यंत आला. मग त्याचा जोडीदार जाँ शासान जॅक घेऊन उलट दिशेने पळाला. एवढा वेळ गमावूनही ही जोडी पाचवी आली. त्याच वर्षी जर्मन ग्रां प्रीमध्ये मात्र त्याला वेगळाच धडा मिळाला. न्युरबर्गरिंगवर पहिले तिन्ही क्रमांक सुपरचार्जर लावलेल्या मर्सिडीज गाड्यांनी पटकावले. बर्किन आठवा आला. साडेचार लिटरच्या आपल्या बेंटलेचा श्वास अपुरा पडतो आहे, ही खूणगाठ त्याने मनाशी बांधली.

येथूनच संघर्षाला सुरुवात होते. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटले हे रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केलेले, शिस्तीचे अभियंते. अधिक शक्ती हवी असेल तर इंजिन मोठे करावे, हा त्यांचा सरळ हिशेब. त्यासाठी त्यांनी साडेसहा लिटरची ‘स्पीड सिक्स’ सिद्धही केली होती. सुपरचार्जर लावणे म्हणजे नीट विचार करून घडविलेल्या इंजिनाचा विपर्यास करणे, अशी त्यांची धारणा होती. पण कंपनी तेव्हा त्यांच्या मालकीची राहिलेली नव्हती. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींतून आलेल्या संपत्तीचा वारस वूल्फ बार्नाटो याने १९२६ मध्ये बुडती कंपनी सावरली होती, आणि तो स्वतः बेंटले बॉईजपैकीच एक. बर्किनने त्याला गाठून परवानगी मिळविली. ल मान्सच्या नियमानुसार अशा पन्नास गाड्या विक्रीसाठी तयार करणे भाग होते. त्यालाही बार्नाटो राजी झाला. मालकाने होकार दिला खरा, पण इंजिनाच्या मूळ रचनेला हात लावू द्यायला बेंटले साहेब तयार नव्हते.

सुपरचार्जरची जबाबदारी अॅम्हर्स्ट व्हिलियर्स या तरुण अभियंत्याकडे आली. रेमंड मेजच्या व्हॉक्सहॉलवरील कामाने त्याचे नाव झालेले होते. परंतु बेंटलेचे इंजिन म्हणजे एक उभा, उंच मनोरा! चार सिलिंडर, १०० मिलिमीटर व्यास आणि १४० मिलिमीटरचा लांब स्ट्रोक. वर जागा नाही. बाजूला बसवायचे तर तेथपर्यंत शक्ती पोहोचविण्यासाठी नवी गिअरमालिका हवी, म्हणजे पुन्हा इंजिनाची मांडणी बदलणे आले. मोकळे होते ते एकच ठिकाण : क्रँकशाफ्टचे पुढचे टोक. व्हिलियर्सने तेथूनच शक्ती घेतली आणि आपले यंत्र रेडिएटरच्या पुढे, चासीच्या दोन बाहूंच्या मधोमध बसविले. हे यंत्र इंजिनाच्याच गतीने फिरणारे असल्यामुळे पुरेशी हवा ढकलण्यासाठी त्याचा आकार मोठा ठेवावा लागला. त्याच्या कुशीला दोन कार्बोरेटर; तेथून हवा आणि पेट्रोलचे मिश्रण नळीवाटे मागे इंजिनात. आतील क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड मजबूत करण्यात आले. शर्यतीच्या साध्या साडेचार लिटर गाडीची शक्ती १३० अश्वशक्तीच्या घरात होती; ब्लोअरची २४० वर गेली.

जागेचा प्रश्न सुटला, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. एवढे वजन थेट नाकावर आल्याने गाडी वळणावर पुढच्या चाकांनी बाहेर जाऊ पाहू लागली. पूर्ण वेगात ती मिनिटाला सुमारे चार लिटर इंधन पिई. इंजिनात उष्णता वाढली आणि तासन् तासांच्या शर्यतीत तिचा भरवसा वाटेना. बेंटले साहेबांनी ज्याची धास्ती घेतली होती, ते सारे घडले. आजच्या अभियंत्याला विचारले तर दोष एकट्या सुपरचार्जरवर टाकता येणार नाही. ज्या इंजिनात त्यासाठी जागाच योजलेली नव्हती, त्याला तो बाहेरून जोडला गेला, ही खरी अडचण होती. बर्किनच्या हट्टाइतकाच बेंटले साहेबांचा नकारही त्याला कारणीभूत होता, असे म्हटले तर अन्याय होऊ नये.

या उद्योगासाठी बर्किनने वेल्विन येथे स्वतःचा कारखाना उभारला. घरचा पैसा झपाट्याने आटू लागला, तेव्हा डोरोथी पॅजेट ही विशीतली तरुणी मदतीला आली. लॉर्ड क्वीनबरोची ही कन्या आणि आईकडून अमेरिकेच्या व्हिटनी घराण्याच्या संपत्तीची वारसदार. पुढे रेसच्या घोड्यांची मालकीण म्हणून ती अधिक नावाजली; १९३४ ची ग्रँड नॅशनल जिंकणारा ‘गोल्डन मिलर’ तिचाच. १९२९ च्या ल मान्सपर्यंत ब्लोअर तयार झाल्या नाहीत. बर्किनला बार्नाटोबरोबर स्पीड सिक्स चालवावी लागली, आणि ती शर्यत त्याने जिंकली! ज्या विचाराशी त्याचे भांडण होते, त्याच विचारातून घडलेल्या गाडीने त्याला ल मान्सचे पहिले विजेतेपद दिले.

१९३० चे ल मान्स हा ब्लोअरच्या आयुष्यातील परमोच्च क्षण. समोर रुडॉल्फ काराचिओलाची सात लिटरची मर्सिडीज होती. तिचा सुपरचार्जर सतत चालत नसे. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो कर्कश किंचाळी फोडत जागा होई. सुरुवातीच्या फेऱ्यांतच बर्किनने लांब सरळ रस्त्यावर तिला गाठले. त्याच्या मागच्या टायरचा रबर तेव्हा सुटू लागला होता. दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग असताना त्याने एका बाजूची चाके गवतावर उतरवली आणि मर्सिडीजला मागे टाकले. मग टायर बदलावे लागले, इंजिन थकले आणि सुरुवात करणाऱ्या दोन्ही ब्लोअर अखेरीस बाद झाल्या. मर्सिडीजही रात्री बंद पडली आणि विजय बार्नाटो व ग्लेन किडस्टन यांच्या स्पीड सिक्सला मिळाला. बर्किनने मुद्दाम मर्सिडीजला दमविले, तो ठरवून केलेला डाव होता, असे पुढे बरीच वर्षे सांगितले गेले. त्याचा स्वभाव पाहता, तो कोणासाठी डाव खेळत होता यापेक्षा त्याला समोरची गाडी दिसली आणि राहवले नाही, हेच अधिक संभवते.

त्याच सप्टेंबरमध्ये पो येथील फ्रेंच ग्रां प्रीत त्याने आणखी एक अचाट गोष्ट केली. हेडलाइट आणि मडगार्ड काढलेली अजस्र ब्लोअर घेऊन तो चपळ बुगाटींच्या कळपात घुसला आणि एत्याँसलँच्या पाठोपाठ दुसरा आला. महत्त्वाच्या शर्यतींतील ब्लोअरची ही सर्वोत्तम कामगिरी. पहिला क्रमांक तिच्या वाट्याला कधी आला नाही. वर्ष सरता सरता पॅजेटने संघाचा खर्च थांबविला. १९३१ मध्ये बेंटले कंपनीच दिवाळखोरीत निघाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली.

आणि मग दैवाने एक विचित्र गंमत केली. १९३१ च्या ल मान्समध्ये बर्किन अर्ल हाव यांच्यासह इटालियन अल्फा रोमिओ घेऊन उतरला. व्हित्तोरिओ यानोने रचलेल्या या गाडीचे इंजिन केवळ २.३ लिटरचे, बेंटलेच्या निम्म्याएवढे. तेही सुपरचार्जरवाले! फरक एवढाच, की यानोने आठ सिलिंडरांचे चार-चारचे दोन भाग करून मधोमध गिअर ठेवले होते आणि त्यांच्यावर चालणारा सुपरचार्जर इंजिनाच्या कुशीत, बॉनेटखाली बसविला होता. कागदावर पहिली रेघ ओढतानाच त्याची जागा ठरली होती. ही गाडी चोवीस तास अखंड धावली, ल मान्सच्या इतिहासात प्रथमच ३००० किलोमीटरचा टप्पा ओलांडून जिंकली. मुसोलिनीने अभिनंदनाची तार पाठविली. ब्रिटिश गाडीनेच ब्रिटनचा झेंडा मिरवावा म्हणून एवढा खटाटोप केलेल्या माणसाला ती तार वाचताना काय वाटले असेल!

ब्लोअरनेही त्याला अगदीच रिकाम्या हाती पाठविले नाही. तिची एक आसनी आवृत्ती पॅजेटने राखून ठेवली होती. २४ मार्च १९३२ रोजी ब्रुकलँड्सच्या खडबडीत काँक्रीटवर बर्किनने त्या गाडीतून ताशी २२२ किलोमीटर वेगाची फेरी मारून विक्रम केला. अंतर थोडे असेल, दम टिकविण्याची गरज नसेल, तर नाकावर टांगलेल्या त्या यंत्रात किती बळ आहे हे त्या दिवशी दिसले.

वडिलांच्या निधनानंतर तो १९३१ मध्ये ‘सर’ झाला होता. पण पैसा संपला होता. मे १९३३ मध्ये तो मासेराटी घेऊन ट्रिपोलीच्या ग्रां प्रीत उतरला आणि वार्झी व नुव्होलारी यांच्यामागे तिसरा आला. शर्यतीत थांबला असताना सिगारेट लायटर उचलण्यासाठी त्याने हात घातला, तो तापलेल्या एक्झॉस्ट पाइपला लागून भाजला. जखमेकडे त्याने दुर्लक्ष केले. लंडनला परतल्यावर तो अंथरुणाला खिळला आणि २२ जून १९३३ रोजी वयाच्या ३६ व्या वर्षी मरण पावला. जखमेतून रक्तात विष पसरले की पॅलेस्टाइनचा जुना मलेरिया उलटला, यावर अजून एकमत नाही. नॉर्फकच्या किनाऱ्यावरील ब्लेकनी या गावी त्याला पुरण्यात आले.

बेंटले साहेबांनी ब्लोअरला अखेरपर्यंत आपले मानले नाही. लोकांनी मात्र नेमकी तीच लक्षात ठेवली. इयान फ्लेमिंगने १९५३ मध्ये ‘कॅसिनो रॉयल’ कादंबरीत जेम्स बाँडला गाडी दिली ती ब्लोअर बेंटलेच. ब्रुकलँड्सची ती एक आसनी गाडी २०१२ मध्ये लिलावात पन्नास लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. २०१९ मध्ये बेंटले कंपनीने आपल्याकडील बर्किनच्या संघातील मूळ गाडी पूर्ण सुटी केली, तिच्या प्रत्येक भागाचे मोजमाप घेतले आणि तशाच बारा गाड्या विक्रीसाठी घडविण्याचे जाहीर केले. संगणकाच्या मदतीने हवी ती सुधारणा करणे शक्य असतानाही त्या गाड्यांचा सुपरचार्जर रेडिएटरच्या पुढेच, उघड्यावर ठेवण्यात आला.