चित्रात काहीच दिसत नाही, मग गायतोंडेंच्या चित्राला २३ कोटी का मिळाले?

डिसेंबर २०१३. क्रिस्टीज या लिलाव कंपनीचा भारतातला पहिला लिलाव मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात सुरू होता. त्यात वासुदेव गायतोंडे यांचं १९७९ सालचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत मिळाली नव्हती. चित्राला नाव नाही. त्यात माणूस नाही, झाड नाही, देव नाही. आणि ते काढणाऱ्याला जाऊन तेव्हा १२ वर्षं झाली होती.

मग घेणाऱ्याने नेमकं घेतलं काय? तर रंग.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात पिवळा म्हटलं की वसमतची हळद आठवते. लाल म्हणजे कुंकू, हिरवं म्हणजे शिवार. आपल्यासाठी रंग कायम कशाचा तरी असतो. शाळेतही हेच शिकवलं, आधी पेन्सिलने आकार काढायचा, मग आत रंग भरायचा. गायतोंडेंनी ही जोडीच मोडली.

त्यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. घराणं मूळ गोव्याचं, वाढले मुंबईत गिरगावच्या चाळीत. १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा घेतला. सुरुवातीला तेही माणसंच काढायचे. जैन पोथ्यांमधली आणि बसोलीची लघुचित्रं त्यांनी बारकाईने पाहिली होती, त्यातले भडक सपाट रंग त्यांच्या तेव्हाच्या चित्रांत दिसतात. पुढे स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ली यांच्या कामाने त्यांना ओढून घेतलं. हळूहळू चित्रातली माणसं गेली आणि रंग उरले.

१९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर ते न्यूयॉर्कला गेले. त्यामुळे अमेरिकन चित्रकार मार्क रॉथ्कोंचा प्रभाव त्यांच्यावर पडला, असं सर्रास लिहिलं जातं. मला हे घाईचं वाटतं, कारण आकार तर त्यांनी न्यूयॉर्कला जायच्या आधीच सोडले होते.

खरी गंमत त्यांच्या पद्धतीत आहे. ब्रश बाजूला ठेवून ते रोलर आणि रंग पसरवायची पातळ सुरी वापरायचे. तैलरंगाचा एक पातळ थर द्यायचा, त्यावर दुसरा, मग तिसरा. ओला रंग मध्येच खरवडायचा. कागदाचे फाटके तुकडे कॅनव्हासवर दाबून उचलायचे. तुकड्याबरोबर थोडा रंग निघून येतो आणि खालचा थर डोकावतो. पातळ थरांमधून प्रकाश आत शिरतो आणि खालच्या रंगावरून परत फिरतो, म्हणून त्यांचं पिवळं किंवा हिरवं आतून उजळल्यासारखं दिसतं. वरून लावलेल्या एका जाड थराने हे जमत नाही.

यात वेळ फार जायचा. रंग लावण्यापेक्षा विचार करण्यातच जास्त. त्यामुळे वर्षाला मोजकी पाच-सहा चित्रं व्हायची. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढच्या वर्षी ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन भागात छोट्या जागेत एकटे राहिले. भेटीगाठी कमी, बोलणं त्याहून कमी. ज्या कोटींच्या बातम्या आज आपण फॉरवर्ड करतो, त्या कोटींचा त्यांच्या आयुष्याशी काही संबंध नव्हता.

१९८४ मध्ये अपघात झाला. मोठ्या कॅनव्हासवर रोलर फिरवायला अंगात जोर लागतो, तोच गेला. पुढची काही वर्षं मोठी चित्रं थांबली. या काळात त्यांनी छोट्या कागदांवर शाईने रेषा काढल्या. आयुष्यभर रंगात राहिलेला माणूस, आणि हातात फक्त काळी शाई! नंतर ते कॅनव्हासकडे परतले, पण चित्रं आणखी कमी झाली. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

आत्ता तुम्ही फोनवर त्यांची चित्रं शोधाल आणि बहुतेक निराश व्हाल. स्क्रीनवर थर दिसत नाहीत, नुसता डाग दिसतो. मुंबईला जाणं झालं तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकोल्सन संग्रहात त्यांची चित्रं आहेत. तेव्हा मांडलेली असतील तर थोडं बाजूला सरकून, तिरक्या उजेडात बघा.