पाणी तापलं की माशाला जास्त ऑक्सिजन का लागतो? हे मोजणारे ऑगस्ट क्रोग कोण होते?

समजा, काचेच्या भांड्यात एक गोल्डफिश आहे आणि पाणी हळूहळू कोमट होतंय. थोड्याच वेळात माशाचे कल्ले भरभर हलायला लागतात. हे बघायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. पण पाणी १० अंशांनी तापलं तर माशाला नेमका किती जास्त ऑक्सिजन लागतो? या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देणाऱ्या माणसाचं नाव होतं ऑगस्ट क्रोग.

क्रोग यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७४ रोजी डेन्मार्कमधल्या ग्रेनो या बंदराच्या गावी झाला. वडील जहाजबांधणीच्या व्यवसायातले. कोपनहेगन विद्यापीठात ते ख्रिस्तियान बोर यांच्या हाताखाली शिकले. हे बोर म्हणजे अणूची रचना सांगणाऱ्या नील्स बोर यांचे वडील.

१९०२ मध्ये क्रोग ग्रीनलँडजवळच्या डिस्को बेटावर गेले. तिथे त्यांनी झरे, ओढे आणि समुद्राच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन मोजला. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि समुद्र यांचं नातं काय, यावर ते तेव्हाच लिहीत होते. आज हवामान बदलाच्या बातम्यांत हा विषय रोज असतो. तेव्हा तो जेमतेम काही जणांचा होता.

गुरूंशी मतभेद

फुप्फुसं रक्तात ऑक्सिजन स्वतः ढकलतात, असं बोर यांचं मत होतं. क्रोग यांनी अत्यंत सूक्ष्म मोजमापं करणारी उपकरणं बनवली आणि पत्नी मारी यांच्यासोबत प्रयोग केले. मारी स्वतः डॉक्टर आणि संशोधक होत्या. निष्कर्ष उलटा निघाला: ऑक्सिजन जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपोआप जातो, फुप्फुसाला काही ढकलावं लागत नाही. १९१० मध्ये हे शोधनिबंध छापून आले. ज्यांनी घडवलं त्यांनाच जाहीरपणे चूक ठरवणं सोपं नसणार. पण मोजमाप क्रोग यांच्या बाजूने होतं.

गुंगीतला मासा

मग १९१४ मध्ये त्यांनी तापमानाचा प्रश्न घेतला. अडचण अशी, की मासा एका जागी स्वस्थ बसत नाही. पोहला की स्नायू जास्त ऑक्सिजन खातात, मग वाढ तापमानामुळे की हालचालीमुळे हे कसं कळणार? क्रोग यांनी मासे आणि बेडूक गुंगीत ठेवले. हालचाल थांबल्यावर फक्त जगण्यापुरता लागणारा ऑक्सिजन मोजता आला.

माणसाचं शरीर ३७ अंशांच्या आसपास राहतं. बहुतेक माशांचं तसं नाही. पाणी ५ अंश असेल तर मासाही जवळपास ५ अंशच. शरीरातल्या रासायनिक क्रिया उष्णतेने वेग घेतात आणि तेवढा ऑक्सिजन जास्त लागतो. १० अंशांना दुप्पट-तिप्पट, असा रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा होता. क्रोग यांना दिसलं, की एकच गुणक सगळीकडे चालत नाही. थंड पाण्यात एकेका अंशाने मागणी झपाट्याने वाढते. २० ते ३० अंशांच्या दरम्यान ती साधारण दुप्पट होते. त्यांनी काढलेला आलेख पुढे ‘क्रोगचा वक्र’ म्हणून ओळखला गेला.

खरी कोंडी समुद्रात होते. ० अंशाच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम ६. म्हणजे माशाची गरज वाढते तेव्हाच पाण्यातला साठा घटतो. १९६० पासून जगातल्या समुद्रांनी सुमारे २ टक्के ऑक्सिजन गमावलाय, त्यामागे हे तापणंही आहे. आपल्या अरबी समुद्रात तर मधल्या खोलीवर अत्यल्प ऑक्सिजनचा जगातल्या मोठ्या पट्ट्यांपैकी एक पट्टा आधीपासूनच आहे.

गंमत म्हणजे १९२० चं नोबेल क्रोग यांना माशांसाठी मिळालं नाही. ते मिळालं स्नायूंतल्या केशवाहिन्या गरजेप्रमाणे कशा उघडतात-मिटतात, हे दाखवल्याबद्दल. १९२२ मध्ये ते मारींसोबत अमेरिकेला गेले. मारींना मधुमेह होता आणि टोरांटोत इन्सुलिन नुकतंच सापडलं होतं. क्रोग ते बनवण्याची परवानगी घेऊनच परतले. त्यातून उभी राहिलेली संस्था आजच्या नोवो नॉर्डिस्क कंपनीच्या मुळाशी आहे.

नाझींच्या ताब्यात डेन्मार्क असताना त्यांना स्वीडनला पळावं लागलं. १३ सप्टेंबर १९४९ रोजी कोपनहेगनमध्ये त्यांचं निधन झालं. धाकटी मुलगी बोडिल हीसुद्धा शरीरक्रियाशास्त्रज्ञ झाली आणि १९७५ मध्ये अमेरिकन फिजिओलॉजिकल सोसायटीची पहिली महिला अध्यक्ष बनली.

१९१६ च्या पुस्तकात क्रोग यांनी एक शक्यता मांडली होती. ध्रुवीय समुद्रातले मासे थंडीतही चपळ असतात. म्हणजे त्याच तापमानाला ते उष्ण समुद्रातल्या माशांपेक्षा जास्त ऑक्सिजन वापरत असावेत. पुढे काही प्रयोगांनी याला दुजोरा दिला. काहींनी मात्र, मासे पकडल्यामुळे घाबरलेले होते म्हणून आकडे फुगले, असा आक्षेप घेतला. हा वाद अजून मिटलेला नाही.